पटकी येते कुठून?

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की सोळा किलोमीटरवर कामठी लागते. कन्हान नदीच्या काठी १८२१ साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली. 'कॅम्प' ह्या शब्दावरूनच गावाचे नाव पडले असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे असो वा नसो, गाव वाढले ते छावणीच्या आधाराने. इथे मद्रासच्या पलटणी राहत. आगगाडी येण्यापूर्वी त्या शेकडो मैल पायी चालत येत आणि बदली झाली की पायीच परत जात. त्या वाटेवर शिपायांना मोठा धाक असे तो पटकीचा. पटकी म्हणजे कॉलरा. आपल्याकडे हैजा म्हणतात तोच.

कामठीची छावणी वसण्याआधीच ह्या रोगाने फौजांना हात दाखवला होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची फौज पेंढाऱ्यांवर निघालेली असताना बुंदेलखंडात तिच्यावर पटकीचा घाला पडला. हजारो माणसे गेली. शेवटी तळ हलवून फौज बेतवा नदीकाठी एरिच गावाजवळ नेली, तेव्हा रोग ओसरला. पुढल्या वर्षी, १८१८ मध्ये, तो नागपुरात उतरला, पंढरपुरात शिरला आणि मुंबईला पोचला.

आता हा रोग होतो कशाने? खेड्यातल्या माणसाचे उत्तर ठरलेले होते: मरीमायचा कोप. मग देवीचा गाडा सजवायचा, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे लोटून द्यायचा. पलीकडच्या गावचे लोक कधीकधी काठ्या घेऊन शिवेवर उभे राहत. आपण ह्याला हसतो. पण नीट पाहिले तर ह्या चालीत एक पक्की समजूत आहे, की रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो, आणि माणसांच्या वाटेनेच जातो.

छावणीतल्या साहेब डॉक्टरांना हेच पटत नव्हते. त्यांच्या मते रोग हवेतून येई. दलदलीतून, कुजक्या पाल्यातून, तापलेल्या जमिनीतून उठणाऱ्या वाईट वाफेतून. म्हणून पलटणीत पटकी शिरली की तळ हलवायचा आणि वाऱ्याच्या दिशेशी काटकोन करून कूच करायचे, असा शिरस्ता होता. आणि गंमत पाहा, ह्याने पुष्कळदा रोग थांबे! डॉक्टरांना वाटे, बघा, हवा पालटली, गुण आला. पण हवेबरोबर आणखी एक गोष्ट मागे सुटत होती. ती म्हणजे जुन्या तळावरची विहीर किंवा डबके. ज्या पाण्यात रोग्याची घाण मिसळली ते पाणीच सुटले. उपाय बरोबर आणि कारण चूक, असे झाले की चूक दुरुस्त व्हायला फार वेळ लागतो. १८२८ ते १८४४ पर्यंतच्या मद्रासी पलटणींमधल्या पटकीचे अहवाल सॅम्युअल रॉजर्स ह्या डॉक्टरने गोळा करून १८४८ साली छापले. कागद होते, माणसे मोजलेली होती. नजर मात्र वाऱ्याकडे लागलेली.

लंडनच्या जॉन स्नो ह्या डॉक्टरने विचार केला तो अगदी साधा. रोगाची सुरुवात पोटात होते, छातीत नाही. तर मग तो श्वासातून कसा आला? तोंडावाटेच गेला असला पाहिजे. १८५४ साली सोहो भागात साथ आली तेव्हा त्याने घरोघर फिरून कोण कोणत्या पंपाचे पाणी पितो ह्याची चौकशी केली, आणि एका पंपाचा दांडा काढायला लावला. साथ तोवर उतरणीला लागलीच होती, हे त्याने स्वतःच मान्य केले. प्रामाणिक माणूस.

तरी हिंदुस्थान सरकारचे आरोग्य कमिशनर कनिंगहॅम साहेब पुढे कैक वर्षे रोग माणसामार्फत पसरतो हे नाकारत राहिले. ह्यात सगळेच शास्त्र नव्हते, असे माझे मत आहे. १८६६ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पटकी हिंदुस्थानातून माणसांबरोबर निघते असे ठरवले होते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. रोग संसर्गाचा म्हटला की जहाजे अडकणार, व्यापार बुडणार!

१८८४ साली रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रोग्यांच्या आतड्यांत दाखवला आणि बेलियाघाटच्या एका तळ्याच्या पाण्यातही. त्या तळ्यातच लोक कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत.

पण जंतू सापडला म्हणजे सारे कळले असे नव्हे. हा जंतू माणूस मारतो कसा? ह्याचे उत्तर १८८४ नंतर पाऊणशे वर्षांनी, १९५९ मध्ये, शंभुनाथ डे ह्या बंगाली डॉक्टरने कलकत्त्यातच दिले. त्यांनी दाखवले की जंतू एक विष सोडतो आणि त्यामुळे आतडे शरीरातले पाणी बाहेर ओतत सुटते. म्हणजे रोगी मरतो तो पाण्यावाचून. आणि इथे मला फार वाईट वाटते. कारण एकोणिसाव्या शतकात कित्येक डॉक्टर पटकीच्या रोग्याला पाणी तोडत आणि वर त्याचे रक्तही काढत. रोगी घसा कोरडा पडून पाणी मागत असे, आणि भल्या बुद्धीने त्याला ते नाकारले जाई.

१९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. दिलीप महालनोबीस ह्या डॉक्टरांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. जिथे शंभरांत तीसेक माणसे दगावत होती, तिथे हे पाणी मिळालेल्यांत मरण चारांच्या खाली आले. पाजणाऱ्या होत्या त्या बहुतेक आया आणि बहिणी, हातात पेला घेऊन बसलेल्या.