संगीताचा मोबदला व विनामूल्य प्रती

ध्वनिमुद्रित संगीतासाठी श्रोत्याने द्यावयाचे मूल्य आणि ते न देता संगीताची प्रत मिळविण्याचा प्रघात यांसंबंधीचा नैतिक व वैधानिक वाद. आंतरजालावरून संगीत विनामूल्य उतरवून घेणे, म्हणजे डाउनलोड करणे, १९९९ नंतर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले व हा वाद जगभर गाजला. तथापि त्याचे मूळ पुष्कळ जुने आहे. प्रत काढण्याच्या प्रत्येक नव्या साधनाबरोबर दोन प्रश्न उपस्थित होत गेले : श्रोत्याने पैसे द्यावेत काय आणि दिलेले पैसे कोणापर्यंत पोहोचतात. पहिल्याची चर्चा अधिक झाली. परंतु दुसऱ्याचा विचार केल्यावाचून त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, असे या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वेतिहास : ध्वनिमुद्रणापूर्वी संगीताचा मोबदला कलावंताच्या प्रत्यक्ष उपस्थितीशी निगडित होता. राजाश्रय, कीर्तनकारास वा गवयास मिळणारी बिदागी व संगीत नाटकाचे तिकीट ही त्याची महाराष्ट्रातील परिचित रूपे होत. अनुपस्थित रचनाकाराच्या हक्काचा प्रश्न पॅरिसमध्ये १८४७ साली पुढे आला. एका उपाहारगृहात एर्नेस्त बूर्झे या रचनाकाराची गीते वाजविली जात होती. मालक आपल्या रचनांचे पैसे देत नाही, तर आपणही साखरपाण्याचे पैसे देणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. न्यायालयाचा निर्णय त्याच्या बाजूने लागला आणि त्यातून १८५१ मध्ये रचनाकारांच्या वतीने शुल्क गोळा करणारी ‘सासेम’ ही संस्था स्थापन झाली.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय गीतांच्या स्वरलिपींच्या चोरट्या प्रती रस्तोरस्ती अत्यल्प किंमतीत विकल्या जात. प्रकाशकांच्या चढ्या किंमतींमुळे गरिबांच्या घरी संगीत पोहोचत नाही, असे या व्यवसायाचे समर्थन केले जाई. १९०६ च्या कायद्याने हा व्यापार मोडून काढला. परंतु स्वस्त संगीताच्या बाजूने त्या वेळी पुढे आलेला युक्तिवाद पुढील प्रत्येक वादात पुन्हा ऐकू आला.

भारतातील स्थिती : १९०२ मध्ये फ्रेडरिक गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले आणि भारतात ग्रामोफोन व्यवसायाला प्रारंभ झाला. गायकाचा आवाज गायकाशिवाय विकला जाऊ लागला. पुढे चित्रपटसंगीतात एकरकमी मानधन देण्याची पद्धत रूढ झाली. विक्रीतील हिस्सा म्हणजे रॉयल्टी गायकांनाही मिळावी, असा आग्रह लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकात धरला. मानधन मिळाल्यावर गायकाचा हक्क संपतो, असे मोहंमद रफी यांचे मत होते. या मतभेदामुळे दोघांनी काही काळ एकत्र गाणे थांबविले होते.

१९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात गायकाला स्वतंत्र हक्क नव्हता. विरुद्ध करार नसेल, तर चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला स्वामी निर्माता होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरविले. मात्र गायकाला कायद्यात स्थान नाही या उणिवेकडे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निर्णयात लक्ष वेधले. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान हिस्सा अबाधित केला. चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त होणाऱ्या वापराबाबत तो कराराने सोडून देता येत नाही. याचा अर्थ असा, की त्यापूर्वी अनेक दशके श्रोत्याने प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या तबकडीचे पैसे गीताच्या कर्त्याला मिळतीलच, अशी हमी नव्हती.

१९८० च्या दशकात कॅसेटमुळे प्रत काढणे घरोघरी शक्य झाले. चोरट्या कॅसेटींनी व्यवसायाचे मोठे नुकसान केले; पण त्याच स्वस्त साधनामुळे कोळीगीते, भजने, लोकगीते यांचे छोटे निर्मातेही उभे राहिले. पश्चिम जर्मनीने मात्र १९६५ च्या कायद्याने ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवून घरगुती प्रतींचा मोबदला हक्कधारकांना देण्याचा वेगळा मार्ग स्वीकारला होता.

आंतरजालाचे युग : शॉन फॅनिंग या अमेरिकन विद्यार्थ्याने जून १९९९ मध्ये ‘नॅप्स्टर’ ही सेवा सुरू केली. तीद्वारे एका श्रोत्याच्या संगणकावरील गाणे दुसऱ्यास थेट घेता येई. कंपन्यांनी त्याच वर्षी दावा लावला. २००० मध्ये ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदानेही दावा केला. उलट, चक डी या रॅप गायकाने या सेवेचे स्वागत केले. न्यायालयाच्या प्रतिकूल निर्णयानंतर जुलै २००१ मध्ये ती बंद पडली. सप्टेंबर २००३ पासून अमेरिकेतील कंपन्यांनी व्यक्तिशः श्रोत्यांवर दावे लावले. त्यांपैकी एक प्रतिवादी न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची मुलगी होती व तिच्या आईने २,००० डॉलर देऊन तडजोड केली. कायदा कंपन्यांच्या बाजूने असला, तरी लोकमत त्यामुळे त्यांच्या विरुद्ध गेले. २००३ मध्येच ॲपल कंपनीने ९९ सेंटला एक गाणे विकण्यास आरंभ केला आणि सोय व वाजवी किंमत असल्यास श्रोते पैसे देतात, हे दिसून आले. २००७ मध्ये ‘रेडिओहेड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने आपल्या नव्या गीतसंग्रहाची किंमत श्रोत्यांवरच सोपविली.

नैतिक विचार : विनामूल्य प्रतीच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते, की प्रत घेतल्याने मूळ वस्तू कोणाचीही हिरावली जात नाही, प्रत्येक फुकट प्रत म्हणजे बुडालेली विक्री नव्हे आणि प्रसिद्धीचा लाभ कलावंतालाच होतो. यांतील पहिले दोन मुद्दे खरे आहेत. म्हणून या कृत्याला सरळ चोरी म्हणणे अचूक ठरत नाही. परंतु वस्तू हिरावली गेली नाही, तरी संमतीचा भंग होतो. आपली रचना फुकट द्यावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार रचनाकाराचा आहे. प्रसिद्धीचा लाभ त्याच्यावर परस्पर लादता येत नाही. कंपनी कलावंताला लुबाडते, हे समर्थनही अपुरे आहे. कारण फुकट प्रत घेणारा त्याच कलावंताचा उरलेला अल्प हिस्साही बुडवितो. सर्व विनामूल्य संगीत मात्र अवैध नसते. कर्त्याने स्वतः खुले केलेले संगीत वैधपणे घेता येते. भारतात ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, तर गीत व स्वररचना यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

२०१० नंतर मासिक वर्गणी घेऊन किंवा जाहिरातींच्या आधारे संगीत ऐकविणाऱ्या सेवा प्रबळ झाल्या व डाउनलोडचा प्रश्न मागे पडला. यांपैकी बहुतेक सेवांत एकत्रित उत्पन्न एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटले जाते. परिणामी केवळ एखाद्या अल्पपरिचित ध्रुपदगायकाचे गायन ऐकणाऱ्या श्रोत्याची वर्गणीही मुख्यतः लोकप्रिय गीतांच्या हक्कधारकांकडे जाते. प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटावेत, अशी पर्यायी पद्धत काही सेवांनी अवलंबिली आहे. श्रोत्याने मूल्य देणे हे त्याचे कर्तव्य होय. ते मूल्य कलावंताच्या हाती पोचविणे हे व्यवसायाचे व कायद्याचे कर्तव्य होय. पहिल्याची अपेक्षा करणाऱ्यांनी दुसरे टाळल्याची उदाहरणे वरील इतिहासात अनेक आहेत.