नाटकाचा प्रयोग पडद्यावर कसा येतो?

मुंबईच्या एनसीपीएमध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरची नाटकं दाखवली जातात, तेव्हा रंगमंचावर नट नसतात, पडदा असतो. 'नॅशनल थिएटर लाइव्ह' या उपक्रमात प्रेक्षकांसमोर चाललेला प्रयोगच कॅमेऱ्याने टिपला जातो. नाटकावरून सिनेमा काढणं वेगळं. २०१६चा 'नटसम्राट' शिरवाडकरांच्या नाटकावर बेतला होता, पण त्याचं शूटिंग सिनेमासारखंच झालं. इथे मात्र नेपथ्य, संवाद, टाळ्या सगळं नाट्यगृहातलंच असतं.

कल्पना तशी जुनी. १९६४ मध्ये ब्रॉडवेवरचा रिचर्ड बर्टनचा 'हॅम्लेट' असाच टिपून अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत दाखवला होता. पण खरी गती उपग्रह प्रक्षेपण आणि डिजिटल प्रोजेक्टर आल्यावर मिळाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने डिसेंबर २००६ मध्ये सुरुवात केली. नॅशनल थिएटरने २५ जून २००९ रोजी हेलन मिरेनचं 'फेद्र' थेट चित्रपटगृहांत पोहोचवलं.

कॅमेरा एका कोपऱ्यात उभा करून रेकॉर्ड दाबलं, असं हे काम नाही. काही खुर्च्या रिकाम्या ठेवून तिथे कॅमेरे लावतात. कोणत्या वाक्याला कोणता कॅमेरा, हे आधी ठरतं आणि त्याची वेगळी तालीम होते. आपल्या डोळ्यांना पुरणारा अंधुक प्रकाश कॅमेऱ्याला पुरेलच असं नाही, म्हणून प्रकाशयोजनेत थोडे बदल करावे लागतात. आवाजाचंही तसंच. शेवटच्या रांगेसाठी फेकलेलं वाक्य क्लोजअपमध्ये ओरडल्यासारखं वाटू शकतं.

सगळ्यात मोठा फरक नजरेचा आहे. नाट्यगृहात कुठे पाहायचं ते आपण ठरवतो, पडद्यावर ते दिग्दर्शक ठरवतो. मागच्या रांगेतून न दिसणारं डोळ्यांतलं पाणी इथे दिसतं. पण बोलणाऱ्या नटावर कॅमेरा असताना बाजूला गप्प उभा असलेला नट काय करतोय, ते हुकतं. 'घाशीराम कोतवाल'चा विचार करा. त्यातली माणसांची भिंत पूर्ण दिसली नाही आणि कॅमेरा सारखा नानांच्या चेहऱ्यावरच राहिला, तर नाटकाचा अर्थच बदलेल. समूहाच्या नाटकांना लांबचा शॉट हवाच, हे मला तरी पटतं.

काही जण याच्याही पुढे जातात. 'हॅमिल्टन'चं चित्रीकरण जून २०१६ मध्ये झालं, तेव्हा प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगांबरोबरच काही शॉट्स रिकाम्या नाट्यगृहात, थेट रंगमंचावर कॅमेरा नेऊन घेतले. ते जुलै २०२० मध्ये डिस्ने प्लसवर आलं. अशा संकलनाला 'प्रयोग' म्हणायचं का, यावर वाद होऊ शकतो.

पडद्यावर मिळालं तर लोक नाट्यगृहात येतील का, ही भीती निर्मात्यांना असतेच. नेस्टा या ब्रिटिश संस्थेच्या २०१४च्या अभ्यासात, 'नॅशनल थिएटर लाइव्ह'मुळे स्थानिक नाट्यगृहांची गर्दी घटल्याचं आढळलं नाही. उलट लंडनमध्ये ती थोडी वाढल्याचं दिसलं. अर्थात हा निष्कर्ष चित्रपटगृहांतल्या प्रक्षेपणापुरता आहे. घरबसल्या मोबाइलवर नाटक पाहणं ही वेगळी सवय आहे.

ती सवय लॉकडाऊनमध्ये पसरली. एप्रिल २०२० पासून नॅशनल थिएटरने दर आठवड्याला एक नाटक यूट्यूबवर मोफत दाखवलं आणि डिसेंबरमध्ये स्वतःची सशुल्क सेवा सुरू केली. तिथेही प्रत्येक चित्रित नाटक मिळेलच असं नाही. लेखक, नट, संगीतकार अशा सगळ्यांच्या हक्कांचे करार आधी व्हावे लागतात.