ग्लँडर्सचा जंतू : सापडला १८८२ मध्ये, ओळखायची कटकट अजून चालूच

लग्नसराईत वरातीचे घोडे रस्त्यावर आले की अधूनमधून कुठल्या तरी जिल्ह्यातून बातमी येते : ग्लँडर्समुळे घोड्याला दयामरण. मग लोक विचारतात, नाक गळतं म्हणून जनावर मारायचं? औषध नाही का? प्रश्न रास्त आहे, पण उत्तरासाठी जरा मागं जावं लागतं.

हा रोग फार जुना. घोडा, गाढव, खेचर यांच्या नाकात व्रण पडतात, चिकट पिवळा स्राव येतो, फुप्फुसात गाठी होतात, पायावर फोडांची माळ उठते. माणसालाही होतो आणि उपचार नसतील तर बहुधा जीव घेतो. लस आजही नाही.

१८८२ साली बर्लिनमध्ये फ्रीडरिश लोफ्लर आणि विल्हेल्म श्यूट्झ यांनी मेलेल्या घोड्याच्या यकृत-प्लीहेतून याचा जंतू वेगळा काढला. त्याच वर्षी, त्याच शहरात रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला होता, त्यामुळे घोड्याच्या जंतूचं फारसं कौतुक झालं नाही. पण जिवंत घोड्यात रोग ओळखायचा कसा? १८९०-९१ च्या सुमारास रशियन साम्राज्यातल्या हेलमन आणि काल्निंग या दोन पशुवैद्यांनी जंतूच्या अर्कापासून ‘मॅलीन’ बनवलं. ते टोचलं की रोगी जनावराला सूज येते. यात काल्निंगना स्वतःलाच ग्लँडर्स झाला आणि ते गेले. मॅलीनची चाचणी घ्यायची आणि बाधित घोडे मारायचे, याच मार्गाने ब्रिटनने १९२८ पर्यंत रोग संपवला.

आता खरी गंमत रंगूनची. तेव्हा ते ब्रिटिश हिंदुस्थानातच होतं. १९११-१२ मध्ये तिथले डॉक्टर आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी कृष्णस्वामी यांना शवविच्छेदनात हुबेहूब ग्लँडर्ससारख्या गाठी दिसू लागल्या. मेलेले बहुतेक मॉर्फिनच्या सुया घेणारे गरीब लोक. घोड्यांशी संबंध नाही. जंतू वाढवून पाहिला तर तो हालचाल करत होता. ग्लँडर्सचा जंतू जागचा हलत नाही. एवढ्या फरकावरून त्यांनी नवा रोग ओळखला. त्यालाच आज मेलिऑयडोसिस म्हणतात. माझ्या मते भारतीय डॉक्टरचं नाव असलेलं हे काम आपल्याकडे शाळेत शिकवायला हवं होतं.

नाती कळायला पुढं नव्वद वर्षं गेली. २००३ च्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की ग्लँडर्सचा जंतू म्हणजे रंगूनच्या त्या मातीतल्या जंतूचीच एक फांदी. घोड्याच्या अंगात आयतं मिळायला लागल्यावर मातीत जगायची जनुकं त्यानं टाकून दिली. मातीतल्याचा जनुकसंच सुमारे ७२ लाख अक्षरांचा, याचा सुमारे ५८ लाखांचा. परिणाम असा की जगभरचे ग्लँडर्सचे जंतू एकमेकांसारखेच. सात ठरावीक जनुकं ताडून प्रकार ठरवायची नेहमीची पद्धत इथं जवळपास निरुपयोगी. त्यासाठी जनुकसंचातले पुन्हा पुन्हा येणारे तुकडे आणि एकेका अक्षराचे बदल मोजावे लागतात. तेव्हा कुठं कळतं की एका जिल्ह्यातली साथ दुसरीकडून आली की तिथंच धुमसत होती.

यंत्रंही फसतात. २००० साली अमेरिकेत लष्करी प्रयोगशाळेतला एक संशोधक आजारी पडला, तर स्वयंचलित यंत्रानं या जंतूला भलत्याच जंतूचं नाव दिलं. निदानाला वेळ गेला. तो वाचला, हे नशीब.

आपल्याकडे १८९९ पासूनच ‘ग्लँडर्स अँड फार्सी ॲक्ट’ होता. २००९ च्या प्राणी संसर्गरोग कायद्यानं त्याची जागा घेतली. २००६ मध्ये रोगानं पुन्हा डोकं वर काढलं ते आपल्याच पुणे-पाचगणीकडे, मग उत्तरेतल्या राज्यांत. तपासणीचा भार हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रावर. रक्ताची जुनी चाचणी १९०९ ची, तीही याच श्यूट्झची. ती गाढवं-खेचरांच्या रक्तात नीट लागत नाही, कधी निरोगी जनावरही बाधित दाखवते. म्हणून हिसारनं एलायझा चाचणी तयार केली.

हे सगळं कुणाला महत्त्वाचं? ज्याचं घर एका घोड्यावर चालतं त्याला. चाचणी चुकून ‘हो’ म्हणाली तर त्याचं पोट गेलं, चुकून ‘नाही’ म्हणाली तर त्याच्या पोरांचा जीव धोक्यात. भरपाईची तरतूद आहे, पण ती कधी हातात पडेल याचा भरवसा नसेल तर माणूस नाक गळणारं जनावर लपवतो, नाहीतर रातोरात विकतो. आणि ते बाजारात दुसऱ्याच्या दावणीला जातं.

सारंगखेड्याला घोडे, मढीला गाढवं, दरवर्षी परराज्यांतून येतात. तिथं आत येताना रक्ततपासणीचा दाखला खरंच पाहिला जातो का, आणि आपल्या तालुक्यात वरातीच्या घोड्यांची शेवटची तपासणी कधी झाली? पशुसंवर्धन विभागातले कुणी वाचत असतील तर तारीख सांगावी.