गाळ उपसण्याचे नित्यकर्म

नदीमुखाशी वाढणाऱ्या तिवरांचे जीवन गाळावर अवलंबून असते. बेताचा गाळ त्यांना जमीन व अन्न पुरवितो. पण तोच गाळ पाण्याच्या वाटा बुजवू लागला की झाडांचा श्वास कोंडतो. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाला हे फार मोठी किंमत मोजून शिकावे लागले.

त्या देशाच्या उत्तर किनाऱ्यावर १५२५ साली सांता मार्ता, म्हणजेच संत मार्था हिच्या नावाचे शहर वसले. शहराच्या पश्चिमेस, मॅग्दालेना नदीच्या मुखाकडे, ‘सिएनागा ग्रांदे’ हे मचूळ पाण्याचे विशाल सरोवर पसरले आहे. तेथील कोळी पाण्यात खांब रोवून बांधलेल्या घरांत राहतात. १९५६ साली या परिसरात सुमारे ५१ हजार हेक्टर तिवरांचे रान होते. त्याच सुमारास समुद्रकाठाने महामार्गाचे काम सुरू झाले व सरोवराचा समुद्राशी असलेला संबंध बहुतांशी तुटला. १९७० च्या दशकात नदीकाठीही रस्ता व बांध आले. गोडे पाणी आणणारे कालवे बुजले. उन्हाने पाणी आटत गेले आणि कित्येक ठिकाणी ते समुद्राहूनही खारट झाले. १९९५ पर्यंत निम्म्याहून अधिक रान वाळून गेले, मासळीही घटली.

मग जर्मनीच्या साह्याने सरकारने कालवे पुन्हा खोदले. १९९६ साली क्लारीन आणि १९९८ साली आग्वास नेग्रास व रेनेगादो हे कालवे वाहू लागले. क्षार उतरले, रोपे आपोआप रुजली. २००० साली युनेस्कोने या परिसराला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

परंतु मॅग्दालेना नदी दरवर्षी सुमारे १४ कोटी टन गाळ वाहून आणते. गोड्या पाण्याबरोबर तो कालव्यांतही शिरतो. पुढील वर्षांत उपसा नियमितपणे झाला नाही. कालवे उथळ झाले, कडेला पाणकणीस माजले आणि २०१४ ते २०१६ च्या अवर्षणात झाडे पुन्हा मरू लागली. २०१७ साली रामसार कराराच्या संकटग्रस्त पाणथळींच्या यादीत सिएनागा ग्रांदेचे नाव नोंदले गेले.

कालवा खोदण्यास एकदाच पैसा लागतो. तो वाहता ठेवण्यास दरवर्षी लागतो. उपसलेला गाळ काठावरच टाकला तर भरतीची वाट अडते, म्हणून त्याचीही जागा आधी ठरवावी लागते. संत मार्था घरकामात गढलेली म्हणून आपल्याला परिचित आहे. तिच्या नावाच्या त्या किनाऱ्याला कोनशिलांपेक्षा तसल्याच नित्याच्या, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या कामाची अधिक गरज आहे. खाडीकाठी राहणाऱ्या आपणा सर्वांनाही हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.