शाकाहारी हंगाम आणि माझा घाईचा निष्कर्ष

मूळ ‘मास्टरशेफ’ बीबीसीवर १९९० साली सुरू झालं. आपल्याकडे ते २०१० मध्ये आलं, आणि २०१५ चा चौथा हंगाम चक्क पूर्ण शाकाहारी! घरच्या स्वयंपाकाची स्पर्धा आणि मासळी-मटण बाद; मग सुकट भाजणारं घर कुणाचं? प्रश्न रास्तच आहे. पण पहिल्या खर्ड्यात मी ठोकून दिलं, की महाराष्ट्रात त्याच वर्षी गोवंश हत्याबंदी लागू झाली, तिचाच हा परिणाम. मार्गदर्शकांनी फक्त तारखा विचारल्या. कार्यक्रम जानेवारीत सुरू झालेला, कायदा लागू झाला मार्चमध्ये. गेला की परिच्छेद! आता मी त्या हंगामाचे प्रायोजक तपासतेय, आणि आधीच्या तीन हंगामांत काय काय शिजलं, तेही.