रुळांशिवायची रेल्वे आणि एक म्हातारा

नवीन ठिकाणी पोस्टिंग झाली की सामान उघडायच्या आधी मी धावायचा रस्ता शोधतो. एनडीएत लागलेली ही खोड चाळिशी ओलांडली तरी सुटलेली नाही. गुडघ्यांनी मात्र अलीकडे अट घातली आहे. एमएच मधल्या डॉक्टरसाहेबांचा सल्ला होता, ‘धावा, पण सपाटीवर.’ डोंगरात नोकरी केलेल्या माणसाला सपाटी कुठली मिळायला? ती मिळाली थेट अमेरिकेत. एका कोर्ससाठी काही महिने वॉशिंग्टनजवळ राहायचा योग आला, तेव्हाची ही गोष्ट.

तिथे आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपासून पर्सलव्हिलपर्यंत ४५ मैलांची, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरची डांबरी पायवाट आहे. तिचं नाव ‘वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेल’. ओल्ड डोमिनियन हे व्हर्जिनिया राज्याचं जुनं लाडकं नाव. धावणारे, सायकलवाले, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळे तिच्यावर. गाडी-मोटार नाही. दर अर्ध्या मैलाला अंतराचा खांब.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट पायांना कळली. ही वाट माणसाने माणसासाठी आखलेली नाही. चढ असला तरी इतका सावकाश की मैलभर गेल्यावर श्वासावरून समजतो. वळण आलं तर लांबलचक. पुढे टेकडी आली की वाट ती कापून जाते, सखल भाग आला की भरावावरून जाते. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ आणि आखूड वळण झेपत नाही, म्हणून १८५५च्या सुमारास मजुरांनी ही जमीन खोदून आणि भरून इंजिनाजोगी केली. त्यांच्या मेहनतीचा फायदा आता माझे गुडघे घेत होते.

ही रेल्वे अलेक्झांड्रिया बंदरातून निघून ब्लू रिज डोंगर ओलांडून कोळशाच्या खाणींपर्यंत जाणार होती. १८६० साली ती लीसबर्गला पोचली आणि पुढच्याच वर्षी यादवी युद्ध सुरू झालं. पूल जाळले गेले, रूळ उखडले गेले. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली, पण डोंगर तिने कधीच ओलांडला नाही. १९५१मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९६८मध्ये मालगाड्याही. पुढे ती जमीन वीज कंपनीकडे गेली, म्हणून आजही बऱ्याच अंतरावर डोक्यावरून विजेच्या तारा जातात. मग स्थानिक उद्यान प्राधिकरणाने ती टप्प्याटप्प्याने विकत घेतली आणि १९८८मध्ये वाट पर्सलव्हिलपर्यंत पूर्ण झाली.

योलला असताना याचा उलटा प्रकार पाहिला होता. कांगडा खोऱ्यातली ती छोटी रेल्वे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९४२मध्ये युद्धासाठी लोखंड हवं म्हणून नगरोटा ते जोगिंदरनगर हा तिचा भाग उखडला गेला. रिकामी पट्टी बारा वर्षं तशीच राहिली आणि १९५४मध्ये तिच्यावर पुन्हा गाडी धावली. पट्टी शाबूत राहिली म्हणूनच हे जमलं. अमेरिकेने १९८३मध्ये कायद्यातच तशी तरतूद केली, की बंद पडणाऱ्या मार्गाची जमीन तुकड्यांत विकू नये, तिथे वाट करावी आणि पुढे गरज पडली तर रूळ परत टाकता यावेत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. या वाटेवर व्हिएन्ना नावाचं गाव लागतं. १७ जून १८६१च्या संध्याकाळी इथे जे घडलं, ते रेल्वेचा लढाईत वापर झाल्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रसंगांपैकी एक आहे.

उत्तरेच्या सैन्याचे ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट शेंक हे मूळचे ओहायोचे राजकारणी. पहिल्या ओहायो रेजिमेंटचे जवळजवळ ७०० जवान घेऊन ते अलेक्झांड्रियाहून रेल्वेने निघाले. मार्गाच्या रक्षणासाठी वाटेत एकेक कंपनी उतरवत गेले. आपण रोड ओपनिंगला पिकेट सोडत जातो, अगदी तसंच. व्हिएन्नाजवळ आले तेव्हा पावणेतीनशेच्या आसपास जवान उरले होते. ते उघड्या डब्यांवर बसलेले, आणि इंजिन मागे, डबे पुढे ढकलणारं. म्हणजे गाडीत सर्वांत पुढे जवान होते आणि त्यांच्या पुढे डोळे म्हणून कोणीच नव्हतं.

दक्षिणेचे कर्नल मॅक्सी ग्रेग जवळच टेहळणी करत होते. त्यांना गाडीची शिट्टी ऐकू आली. त्यांनी वळणाशेजारच्या उंचवट्यावर दोन तोफा लावल्या आणि वाट पाहिली.

गाडी वळणावर पोचण्याआधी एक स्थानिक म्हातारा रुळांवरून धावत समोर आला. पुढे शत्रू आहे, असं त्याने सांगितलं. अधिकाऱ्यांनी ऐकलं नाही. गाडी पुढे गेली आणि तोफा सुरू झाल्या. जवान उड्या टाकून झाडीत शिरले. इंजिनचालक डबे सोडून इंजिन घेऊन अलेक्झांड्रियाकडे पळाला. आठ जण मेले, चार जखमी झाले. उरलेले जखमींना ब्लँकेटमध्ये उचलून अंधारात चालत परतले.

महिनाभराने दक्षिणेच्या जॉन्स्टन यांनी शेनान्डोआ खोऱ्यातून आपलं सैन्य रेल्वेने मनॅससला आणलं आणि बुल रनची लढाई फिरली. साधन दोन्हीकडे एकच होतं. पण जॉन्स्टन यांनी ते रणांगणापर्यंत पोचायला वापरलं, आणि शेंक त्यावर बसूनच शत्रूच्या पुढ्यात गेले. वर्गात शिकवताना मी इथवर येऊन थांबतो.

त्या वळणावर मात्र मला थांबताच येईना. कॅप्टन होतो, राजौरीत. आमची पलटण मराठ्यांची. सकाळी रोड ओपनिंगला निघालो होतो, उशीर झाला होता आणि कॉन्व्हॉय सुटायची वेळ जवळ आली होती. एका गुज्जर बाबांनी हात करून थांबवलं आणि नाल्याकडच्या वाटेने आज जाऊ नका म्हणाले. आमचे सुभेदार साहेब हळूच म्हणाले, “साहेब, म्हातारा उगाच नाही सांगत.” मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, “चला.” नाल्यावरच्या स्फोटात माझ्या एका नाईकचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. त्या म्हाताऱ्याबद्दल मला कोणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही.

तो नाईक आज सातारा जिल्ह्यात त्याच्या गावी असतो. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्याला पाय बसवला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, “साहेब, किती किलोमीटर चाललंय सध्या?”

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मीच फोन लावला. आधी व्हिएन्नाची गोष्ट सांगितली, मग नाल्याची. सुभेदार साहेब काय म्हणाले होते आणि मी काय म्हणालो होतो, ते पहिल्यांदा त्याला सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता.

मग तो म्हणाला, “सुभेदार साहेबांनी सांगितलं होतं मला, दवाखान्यातच. तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होतो.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “साहेब, त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं?”

“कोणत्या? व्हिएन्नाच्या?”

“नाही साहेब. आपल्या.”

मला सांगता आलं नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.