'लग्न झालं की थांबेल': एका वाक्याचा इतिहास



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "विषय सापडतो कसा?" पुस्तकी उत्तर तुम्हाला माहीत आहे. पूर्वसाहित्य वाचा, त्यातली उणीव शोधा, मग सिनॉप्सिस लिहा. ते बरोबर आहे, मुलाखतीत तेच सांगा. मला मात्र माझा विषय दवाखान्यातल्या खुर्चीवर बसलेली असताना सापडला.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात इतकं दुखायचं की दोन दिवस अंथरुणातून उठवत नसे. पुढे पाळी नसतानाही शौचाच्या वेळी कळ यायला लागली. आई सोबत आली होती. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट चाळला, "सगळं नॉर्मल आहे" म्हणाले आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "लग्न झालं की थांबेल. एक मूल झालं की विसरूनही जाईल." आईने मान हलवली. तिच्या तरुणपणी तिलाही हेच ऐकवलं होतं, हे मला परतताना रिक्षात कळलं.

राग आलाच. पण इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे रागाच्या मागोमाग प्रश्नही आला: हे वाक्य आलं कुठून? आज त्याचा माग काढू. वाटेत पुराव्याबद्दलच्या काही गोष्टी येतील, त्या तुमचा विषय कुठलाही असला तरी उपयोगी पडतील.

आधी आजार समजून घेऊ

मला जो आजार निघाला त्याचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं तसल्याच पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. हार्मोन्सच्या दर महिन्याच्या चढउताराला त्याही प्रतिसाद देतात. त्यामुळे सूज येते, व्रण राहतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे.

आधुनिक वैद्यकात या आजाराला ठळक रूप दिलं ते अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातले डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी. १९२१ मध्ये त्यांनी अंडाशयावरच्या, जुनं गडद रक्त साठलेल्या गाठींवर निबंध लिहिला. आजही सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'चॉकलेट सिस्ट' लिहिलेलं दिसतं, ते याच गाठींबद्दल. १९२७ मध्ये त्यांनी कारणही सुचवलं: पाळीचं थोडं रक्त बीजवाहिन्यांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. असं उलटं रक्त जाणं बहुतेक स्त्रियांमध्ये होतं, मग आजार काहींनाच का होतो, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. त्या काळात हा आजार दिसायचा तो पोट उघडल्यावरच. म्हणजे जिचं पोट उघडायला एखादा सर्जन तयार झाला, तिचाच आजार कागदावर यायचा.

१९४१: वाक्याला पदवी मिळते

बॉस्टनचे नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ जो व्हिन्सेंट मीग्ज यांनी १९४१ मध्ये एंडोमेट्रिओसिसवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पाहण्यात एक फरक आला होता. सार्वजनिक वॉर्डातल्या गरीब रुग्णांपेक्षा खासगी, सुखवस्तू रुग्णांमध्ये हा आजार जास्त सापडत होता. त्यावरून त्यांनी तर्क केला की शिकलेल्या, पैसेवाल्या घरांतल्या मुली उशिरा लग्न करतात, मुलं उशिरा आणि कमी होऊ देतात, वर्षानुवर्षं पाळी अखंड चालू राहते, आणि त्यातून हा आजार होतो. उपाय सरळच होता: लवकर लग्न, लवकर मुलं. पुढे या आजाराला 'करिअरवाल्या बायकांचा आजार' असं नावच पडलं.

झालं, सापडलं मूळ! मलाही पहिल्यांदा असंच वाटलं. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी ठोकून दिलं होतं की आपल्याकडचे डॉक्टर जे बोलतात ते मीग्ज यांच्याकडून आलं. गाइडनी समासात एवढंच लिहिलं: "कशावरून?"

त्या प्रश्नाने मला महिनाभर कामाला लावलं. प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर जमा असलेल्या ग्रंथसमूहात कुमारिकांच्या आजारांवर एक छोटं प्रकरण आहे. त्यातही उपाय हाच: लवकर लग्न लावा, गर्भ राहिला की बरं वाटेल. आपल्याकडच्या आज्यांनी ना ग्रीक वाचलं ना बॉस्टनचं जर्नल, तरी त्या तेच सांगतात. दोन वाक्यं सारखी दिसली म्हणजे एकातून दुसरं निघालं, असं होत नाही. वंशावळ सांगायची तर मधले दुवे दाखवावे लागतात: कोणी कोणाचं वाचलं, कुठल्या पाठ्यपुस्तकातून ते कुठे शिकवलं गेलं. माझ्याकडे ते नव्हतं. मला म्हणता येत होतं ते इतकंच, की फार जुन्या समजुतीला मीग्ज यांनी विज्ञानाचा पोशाख दिला.

आणखी एक. त्या वाक्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करूनच पुढे जायला हवं. गरोदरपणात पाळी थांबते, तेव्हा काही जणींचं दुखणं खरोखर कमी होतं. याच धाग्यावरून बॉस्टनच्याच रॉबर्ट किस्टनर यांनी १९५०च्या दशकात हार्मोन्सच्या गोळ्या सतत देऊन गरोदरपणासारखी स्थिती निर्माण करणारा उपचार मांडला. शरीरात जे होतं ते गोळीने साधता येत असेल, तर रुग्णाला लग्नाचा सल्ला द्यायची गरज काय होती? तरीही सल्ला टिकला. औषध निघालं म्हणून समजूत जात नाही.

जिला तपासलंच नाही, ती मोजली कशी जाणार?

आता मघाची गोष्ट आठवा: पोट उघडलं तरच आजार दिसायचा. शस्त्रक्रियेचा खर्च कोणाला परवडत होता? कोणाच्या दुखण्याकडे डॉक्टर 'शोधून काढू' म्हणून बघत होते? खासगी रुग्णांच्या. मग आजार खासगी रुग्णांमध्ये जास्त सापडला, यात नवल ते काय!

हे दाखवून देणारं काम १९७६ मध्ये आलं. शिकागोचे डॉक्टर डोनाल्ड चॅटमन यांनी आपल्या कृष्णवर्णीय खासगी रुग्णांचा अभ्यास मांडला. तोवर पाठ्यपुस्तकी समज असा होता की हा आजार गोऱ्या, शिकलेल्या बायकांचा. कृष्णवर्णीय स्त्रीच्या ओटीपोटात दुखलं तर तो जंतुसंसर्ग, आणि त्यामागे तिच्या चारित्र्याबद्दलचा एक न बोललेला शेराही असायचा. चॅटमन यांनी दुर्बिणीतून, म्हणजे लॅप्रोस्कोपीने, प्रत्यक्ष पाहिलं. पाचातल्या एकीहून जास्त जणींमध्ये एंडोमेट्रिओसिस निघाला, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींवर आधी जंतुसंसर्गाचा शिक्का बसलेला होता.

आजार आधीही तिथेच होता, पण कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून कुठलाही आकडा हातात आला की आधी विचारा: यात मोजले गेले ते कोण, आणि मोजणाऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत ते कोण?

शिकलेली असली तरी

मग निदान शिकलेल्या गोऱ्या मुलीचं तरी ऐकलं जात होतं का? इंग्लंडच्या कादंबरीकार हिलरी मँटेल यांचं २००३ मधलं आत्मकथन मी यासाठी वाचलं. पुढे दोनदा बुकर मिळवणाऱ्या या बाई १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याच्या विद्यार्थिनी होत्या. पाय दुखतात, पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांना त्यांच्यात ताण दिसला, महत्त्वाकांक्षा जरा जास्त दिसली. आधी नैराश्याच्या गोळ्या, मग मानसोपचारतज्ज्ञ, मग मनोविकारावरची कडक औषधं. त्या औषधांनीच अशी तगमग व्हायची की ती वेडाचं लक्षण वाटावी. लिहू नका, असंही त्यांना सांगण्यात आलं.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या बोट्स्वानात राहत होत्या. तिथे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात त्यांनी स्वतःचा आजार स्वतः शोधला. लंडनला परत आल्यावर शस्त्रक्रियेत तो खरा ठरला. पण तोवर उशीर झाला होता. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गर्भाशय आणि अंडाशय काढावे लागले. मूल होण्याची शक्यता संपली, आणि तरी आजार पुन्हा उलटलाच.

बघा, कृष्णवर्णीय बाई म्हणाली 'दुखतंय', तर तिला संसर्ग. महत्त्वाकांक्षी गोरी मुलगी म्हणाली, तर तिच्या मनाचे खेळ. माझ्यासारखीला लग्न. उत्तरं तीन, पण तिन्ही ठिकाणी बाईचं म्हणणं पुरावा म्हणून धरलं गेलं नाही.

गडचिरोलीची दोन गावं

आता आपल्याकडे येऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये केलेला अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तो एंडोमेट्रिओसिसवर नाही. त्यात सापडलेल्या आजारांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. पण आपल्या प्रश्नासाठी तो फार मोलाचा आहे, कारण त्यांनी दवाखान्यात आलेल्या बायका मोजल्या नाहीत, गावातल्या बायका तपासल्या.

६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के जणींनी काही ना काही त्रास सांगितला. तपासणीत ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. साधी वजाबाकी करा. त्रास सांगणाऱ्या सगळ्याजणी आजारी होत्या असं धरलं, तरी उरलेल्या किमान ३७ टक्के जणी आजार असून काहीच त्रास नाही म्हणत होत्या. याआधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार मिळालेल्या किती? ८ टक्के.

या एका आकड्यासाठी मी तो निबंध पुन्हा पुन्हा काढून बघते. आधी ज्यांना कोणी तपासलंच नव्हतं, त्या ९२ टक्के जणींचं दुखणं तालुक्याच्या दवाखान्याच्या रजिस्टरात कुठून येणार? तुम्ही उद्या ते रजिस्टर घेऊन बसलात आणि 'या भागात स्त्रीरोगांचं प्रमाण कमी होतं' असं लिहिलंत, तर तुमची बेरीज बरोबर असेल, निष्कर्ष साफ चुकेल.

वहीची गोष्ट

आता माझी गोष्ट पूर्ण करते, कारण तुमच्यापैकी काही जणी हा लेख वेगळ्याच कारणाने वाचत असतील.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाण्याआधी मी इतिहासकाराचं काम केलं, दस्तऐवज तयार केला. चार महिने वहीत तारखा लिहिल्या: पाळीचा दिवस, दुखणं दहापैकी किती, नेमकं कुठे, कुठली गोळी घेतली, उतार पडला का, किती तास कॉलेज बुडलं. शौचाच्या वेळची कळ लाजून कधी बोलले नव्हते, तीही लिहिली. बाईंनी वही दोनदा वाचली, चार प्रश्न विचारले आणि सोनोग्राफी नॉर्मल असूनही उपचार सुरू केले. पुढे लॅप्रोस्कोपीत निदान पक्कं झालं.

त्यांनी काही जगावेगळं केलं नव्हतं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना सांगते की तपासणी आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून हा आजार नाही असं धरू नये, आणि रुग्णाने वेदनांची नोंदवही ठेवली तर बोलणं सोपं जातं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये तर स्पष्टच लिहिलं: केवळ आजार बरा व्हावा म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला रुग्णाला देऊ नये. म्हणजे 'लग्न झालं की थांबेल' या वाक्याला लेखी नकार आहे. डॉक्टर ते वाक्य पुन्हा बोलले, तर शांतपणे विचारा: "मग हा आजार नाही असं तुम्ही कशावरून म्हणता? तसं माझ्या कागदावर लिहून द्याल का?" नाही दिलं, तर दुसरा दवाखाना गाठा.

शेवटी स्वतःलाही तोच नियम लावते. ब्रिटनच्या खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने २०२० मध्ये दहा हजारांहून जास्त जणांची उत्तरं गोळा केली. निदानाला सरासरी ८ वर्षं लागली होती, आणि ५८ टक्के जणी त्याआधी फॅमिली डॉक्टरकडे दहापेक्षा जास्त वेळा गेल्या होत्या. हा आकडा माझ्या बाजूचा आहे, म्हणून मला तो वापरायचा मोह होतो. पण उत्तरं कोणी दिली? ज्यांच्यापर्यंत प्रश्नावली पोचली आणि ज्यांना बोलायचं होतं, त्यांनी. आकडा मी प्रबंधात घेतला आहे, या ओळीसकट.

या आठवड्यात एवढं करा. तुमच्या विषयातलं, सगळे सहज बोलतात असं एक वाक्य निवडा आणि ते पहिल्यांदा कागदावर कोणी, कोणाला तपासून लिहिलं ते शोधा. माझ्या त्या पहिल्या मसुद्याचं पान अजून टेबलासमोर चिकटवलेलं आहे. गाइडच्या "कशावरून?" खाली मी नंतर पेन्सिलीने आईचं वय लिहिलं आहे; तिला हे वाक्य ऐकवलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.